होसे (त्रिनिदाद)

होसे म्हणजे त्रिनिदादचा मोहरम. त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन बेटांच्या देशात मोहरमचे पहिले दहा दिवस पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांच्या करबलातल्या हौतात्म्याचं स्मरण करतात, ताबूत काढतात (तिकडे त्याला ताजा म्हणतात), आणि शेवटी समुद्रात सोडतात. नावही हुसेन यांच्यावरूनच पडलंय. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधला सेंट जेम्स हा भाग आणि बेटाच्या नैऋत्य टोकाचं सेड्रोस ही आजची मुख्य ठिकाणं. हिजरी पंचांग चालत असल्यामुळे तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मुसलमानांचा सण एवढीच ओळख दिली तर मात्र अर्धी गोष्ट हातातून निसटते, कारण होसे उभा करण्यात हिंदू मजुरांचा आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांचा हात पहिल्यापासून आहे, आणि 'हा सण नक्की कोणाचा' हा वाद तिथे दीडशे वर्षं चालू आहे.

सुरुवात कधी झाली याबद्दल एकमत नाही. भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं पहिलं जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागलं आणि १९१७ पर्यंत साधारण १,४४,००० लोक तिथे गेले. पहिला होसे १८५४ च्या सुमारास सॅन फर्नांडो शहराजवळच्या 'फिलिपीन' नावाच्या उसाच्या मळ्यावर झाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते साल अंदाजाचं मानावं, त्याआधीही मळ्यांवर लहान प्रमाणात काही होत असणं अगदी शक्य आहे. मूळ कुठलं यावर दोन-तीन मतं आहेत. काहीजण सरळ इराणपर्यंत रेष ओढतात, काही कार्निव्हलचा (तिथला रस्त्यावरचा मोठा वार्षिक उत्सव) प्रभाव मोठा धरतात. होसेचे अभ्यासक फ्रँक कोरोम यांनी इराण, उत्तर भारत आणि त्रिनिदाद असा टप्प्याटप्प्याचा प्रवास मांडलाय आणि तो जास्त पटतो, कारण बहुतेक मजूर कलकत्ता बंदरातून, अवध-भोजपुरी पट्ट्यातून गेलेले, ताजियाची घडण आणि ताशाचे ठेके त्याच पट्ट्याची आठवण करून देतात. मद्रासहूनही थोडे लोक गेले. मुंबई इलाख्यातून तिकडे भरती जवळजवळ नव्हतीच, मराठी मजूर मॉरिशसला गेले, त्यामुळे होसेत मराठी धागा थेट शोधू नये.

तरी आपल्याकडच्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. एकोणिसाव्या शतकात पुण्यामुंबईत हिंदूही ताबुतांच्या मिरवणुकीत नाचत-वाजवत होते, १८९३ ची मुंबईची दंगल आणि त्यानंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव यांनी ते चित्र बरंच बदललं, आणि सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला उंच ताबुतांच्या भेटी आजही दोन्ही समाज मिळून करतात. त्रिनिदादमध्येही 'आपल्या देशातला' म्हणून सगळे भारतीय मजूर त्या मिरवणुकीत उतरायचे. मुसलमान मजूर एकूण मजुरांत बरेच कमी होते, त्यामुळे हिंदूंशिवाय एवढे ताजे उभेच राहिले नसते.

१८८४ चा गोळीबार हा या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात वादाचा भाग. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलमधल्या कॅनबुले मिरवणुकीवरून आफ्रिकन वंशाचे लोक आणि पोलिस यांच्यात मोठी झटापट झाली होती, त्यानंतर ब्रिटिश वसाहत सरकारने रस्त्यावरच्या सगळ्याच गर्दीला लगाम घालायला घेतला. १८८४ मध्ये होसेसाठी नियम निघाले: पोर्ट ऑफ स्पेन आणि सॅन फर्नांडो शहरांत मिरवणूक आणायची नाही, हमरस्त्यांवर बंधन, आणि जे भारतीय नाहीत त्यांनी भाग घ्यायचा नाही. शेवटची अट नीट पाहायला हवी, कारण काळे आणि भारतीय मजूर एका मिरवणुकीत चालणं सरकारला नको होतं हे त्यात उघड दिसतं. नियम मागे घ्या म्हणून मजुरांनी अर्ज केला, त्याचा पुढाकार सुखू नावाच्या हिंदू माणसाकडे होता! अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ ला, म्हणजे १० मोहरम १३०२ ला, मळ्यामळ्यांवरून ताजे घेऊन लोक नेहमीसारखे सॅन फर्नांडोकडे निघाले आणि शहराच्या तोंडाशी, सिपेरो रस्त्यावर आणि मों रेपोजवळ, पोलिसांनी त्यांच्यावर बंदुका चालवल्या. मृतांचे आकडे सगळीकडे सारखे नाहीत, बऱ्याच ठिकाणी २२ मृत आणि शंभराहून जास्त जखमी असं येतं.

जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांनी चौकशी केली आणि एकंदरीत सरकारची बाजू उचलून धरली, भारतीय मजूर शेफारलेत असा त्यांचा सूर होता. नंतरच्या अभ्यासकांपैकी केल्विन सिंग यांनी दुसरी बाजू मांडली: त्या वर्षी युरोपातल्या बीटच्या साखरेमुळे उसाच्या साखरेचे भाव कोसळले होते, मळेवाले मजुरांवर कामाचा बोजा वाढवत होते, संप होत होते, आणि अशा वेळी एकत्र आलेला मजूर त्यांना धोकादायक वाटत होता. काही जण याला निव्वळ धार्मिक मिरवणुकीचा प्रश्न मानतात, पण अर्ज कोणी केला आणि बंदी कोणावर होती हे बघितलं की मजुरीचा आणि गर्दीच्या भीतीचा मुद्दा बाजूला ठेवताच येत नाही. त्या माणसांची नावं बहुतेक हरवलीत, याचं वाईट वाटतं.

आजचा क्रम साधारण असा. सातव्या रात्री निशाणांची मिरवणूक, आठव्या रात्री छोटे ताजे, नवव्या रात्री मोठे, दहाव्याला दिवसा मिरवणूक, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे तीजाला, ताजे समुद्रात. ताजा बांधणं हे यार्डाचं, म्हणजे त्या घराण्याच्या अंगणाचं काम, बांबू, लाकूड, रंगीत कागद, चकाकती पन्नी, हल्ली थर्माकोल, आणि बांधणारे त्या काळात मांस-दारू वर्ज्य करतात, आत कोणालाही सहज येऊ देत नाहीत. सेंट जेम्समध्ये दोन मोठ्या चंद्रकोरीही निघतात, लाल हुसेन यांची आणि हिरवी त्यांचे भाऊ हसन यांची. एकेक माणूस एवढी जड कोर खांद्यावर पेलून गरगर फिरवतो, दमला की दुसरा लगेच खांदा देतो, आणि दोन्ही कोरी एकमेकींना टेकतात तो क्षण बघायला रस्ता तुडुंब भरतो.

वाद्यांबद्दल थोडं जास्त लिहायलाच हवं, कारण होसे आधी कानाने कळतो. ताशाचं तिकडचं भांडं मातीचं, वर बकऱ्याचं कातडं, आणि कातडं सैल पडलं की मिरवणूक थांबवून रस्त्याच्या कडेला जाळ करून ताशे शेकतात, दर थोड्या वेळाने, रात्रभर (आपल्याकडच्या धातूच्या, प्लास्टिकच्या पानाच्या ताशाला हे लागत नाही). आता नटबोल्टने ताणायचे ताशेही आलेत, जुने वादक त्यांच्या आवाजावर खूश नसतात. एक ताशा 'कटर', तो तुकडे घेतो, दुसरा 'फुले', तो ठेका धरून ठेवतो, सोबत मोठा ढोल आणि झांज. ठेक्याला तिथे 'हँड' म्हणतात, चालतानाचा वेगळा, युद्धाचा वेगळा, शोकाचा वेगळा, दफनाचा वेगळा, जाणकार लांबून ऐकूनच सांगतात मिरवणूक कुठे पोचली ते. हाच ताशा आता हिंदू लग्नात, क्रिकेटच्या मैदानात आणि कार्निव्हलमध्येही वाजतो.

राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न इथेच येतो. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकन वंशाचे ३४.२ टक्के, आणि सर्व पंथ-वंशांना समान जागा ही गोष्ट देशाच्या राष्ट्रगीतातच आहे. पण १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर देशाचा चेहरा म्हणून कार्निव्हल, कॅलिप्सो (तिथला गाण्याचा प्रकार) आणि स्टीलपॅन (पोलादी पिंपापासून बनवलेलं वाद्य) पुढे आले, १९९२ मध्ये स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा मान मिळाला आणि ताशालाही तोच मान द्या ही मागणी झाली. दिवाळी आणि ईदला १९६६ पासून सुट्टी आहे, पहिलं जहाज लागलं त्या ३० मेलाही आहे, होसेला नाही. मुसलमानांमधूनच विरोधही आहे, बहुसंख्य सुन्नी संस्थांना ताजा आणि वाजंत्री धर्माला सोडून वाटतात, आणि बघ्यांच्या नाचण्यापिण्यावर तर होसे करणारी घराणीही नाराज असतात, त्यांच्यासाठी हा शोकच आहे. पर्यटनाच्या जाहिरातीत मात्र त्याला रंगीत उत्सव म्हणून दाखवतात, ते बरोबर नाही.

सेड्रोसचा होसे लहान, गावाचा, आणि त्यावर लिखाण फार कमी आहे. शेजारच्या गयानात ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपली, जमैकात 'हुसे' नावाने थोडीफार टिकून आहे.