ॲबोरिजिनल स्थानकनावे, ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियातील रेल्वे स्थानकांना तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या, भाषांतील शब्द नाव म्हणून देण्याची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती रुळली, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोफावली आणि आज वेगळ्या कारणांसाठी चालू आहे. स्थानकांवरच्या पाट्या वाचत गेले की मूळ रहिवाशांचा मान राखण्यासाठी कोणी झटले असावे असे वाटते. जुन्या काळात कारण बरेचदा पार्सलांचा घोळ टाळणे एवढेच असे.

रेल्वेच्या आधीपासून चालत आलेली नावे आणि रेल्वेने निवडून लावलेली नावे यांत फरक केला पाहिजे. न्यू साउथ वेल्सची पहिली रेल्वे १८५५ साली सिडनीहून पॅरामॅटाच्या दिशेने सुरू झाली. तोवर पॅरामॅटा हे नाव चौसष्ट वर्षांचे झाले होते. गव्हर्नर फिलिप याने १७९१ मध्ये रोझ हिल हे नाव बदलून ते रूढ केले होते. बुरामट्टा या मूळ शब्दाशी नदी आणि तीत सापडणारे वाम मासे यांचा संबंध लावतात. शेजारच्या टूंगाबीचे नाव टुगागल या कुळावरून आले. सिडनीच्या या पश्चिम भागात आज भारतीय वस्ती दाट आहे, तीत मराठी घरेही आहेत आणि ही नावे त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. अशा ठिकाणी रेल्वेने चालू नाव फक्त पाटीवर लिहिले.

दुसरा प्रकार जास्त मनोरंजक आहे. रूळ पुष्कळदा वस्तीच्या आधी पोहोचत. फलाट बांधला जाई, पण गाव नसे. मग जवळच्या रस्त्याचे किंवा जमीनमालकाचे नाव तात्पुरते लावले जाई. सिडनीच्या उत्तरेकडील मार्गावर ‘ईस्टर्न रोड’ नावाचे स्थानक १८९० सालीच टरामरा झाले, ‘नूनन्स प्लॅटफॉर्म’चे वरूंगा झाले. इंग्रजी नावांची पंचाईत अशी, की तीच ती ब्रिटिश गावे प्रत्येक वसाहतीत पुन्हा पुन्हा उगवत. एका नावाची दोन स्थानके असली की माल भलतीकडे उतरे, तार भलत्याला मिळे. ॲबोरिजिनल शब्द आटोपशीर असला आणि इंग्रजी जिभेला झेपला की ही अडचण सुटे. कोणत्या जमीनदाराचे नाव लावले आणि कोणाचे वगळले, असा रुसवाफुगवाही होत नसे. ज्यांचा शब्द घेतला त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती.

शब्द यायचे याद्यांतून. भूमापक, पोलीस, मिशनरी आणि हौशी अभ्यासक यांनी टिपलेल्या शब्दसूची सरकारी कपाटांत आणि नियतकालिकांत पडून होत्या. पुढे तर घराला, बोटीला, अगदी मुलालाही नाव शोधणाऱ्यांसाठी छोट्या पुस्तिका निघाल्या. या याद्यांचा ठसा सिडनीच्या नैर्ऋत्य आणि दक्षिण उपनगरांत एकापाठोपाठ एक स्थानके घेतली की लक्षात येतो. १९२५ मध्ये अलावा उघडले. अर्थ, ‘इथे राहा’. १९२८ मध्ये बँक्सटाउनच्या बाजूला यागूना आणि बिरॉंग ही दोन स्थानके एकदमच सुरू झाली. यागूना म्हणजे ‘आज’ किंवा ‘आता’, बिरॉंग म्हणजे ‘तारा’, आणि हे दोन्ही शब्द सिडनी परिसराच्या भाषेच्या नोंदींत खरोखर सापडतात. १९३१ मध्ये जॅनाली आले, त्याचा अर्थ ‘चंद्राची जागा’ असा सांगतात. त्याच वर्षी ईस्ट हिल्सच्या मार्गावर नारवी आणि पनानिया आली. एकाचा अर्थ सूर्य, दुसऱ्याचा सूर्योदय, असे म्हणतात. म्हणजे तारा, चंद्र, सूर्य आणि ‘आज’ एवढे सगळे तीन-चार वर्षांत फलाटांवर उतरले. यांतला एकही शब्द त्या जागेचे वर्णन करत नाही. शब्दकोश उघडून गोड शब्द निवडावा तसा हा कारभार. नारवीला लागूनच असलेल्या डम्बलटनला मात्र १९४० मध्ये बेव्हर्ली हिल्स म्हणू लागले, कारण तोपर्यंत हॉलिवूडचे वारे लागले होते.

असे उचललेले शब्द आपल्या मुलखापासून फार लांब जाऊन पडले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, पिंबा स्थानकाजवळ, १९४७ मध्ये क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी वसवलेल्या गावाला वूमेरा हे नाव दिले. वूमेरा म्हणजे भाला फेकण्याचे साधन. शब्द सिडनीकडच्या भाषेतला, हजार किलोमीटरहून अधिक दूरचा. टारकूलाची गोष्ट आणखी वळणावळणाची. डार्लिंग नदीकाठच्या एका मेंढीपालन केंद्राचे नाव टारकूला, त्यावरून एका घोड्याचे नाव टारकूला, त्या घोड्याने १८९३ ची मेलबर्न कप शर्यत जिंकली, आणि त्याच सुमारास वाळवंटात सोने सापडले तेव्हा त्या वस्तीला घोड्याचे नाव मिळाले. पुढे तेथे रेल्वे आली. आज ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणारा मार्ग तेथूनच फुटतो. मूळ शब्दाचा अर्थ ‘नदीचे वळण’ असा देतात. टारकूलाला नदी नाही. पर्थच्या दक्षिणेचे क्विनाना हे नाव तर किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचे, आणि जहाजाला ते मिळाले दूर उत्तरेच्या किंबर्ली भागातील एका शब्दावरून.

काही नावे नुसती तशी दिसतात. सिडनीच्या उत्तरेला टॅस्कॉट नावाचे छोटे स्थानक आहे. ऐकणाऱ्याला ॲबोरिजिनल वाटावे असे हे नाव टॉमस ॲलिसन स्कॉट या ऊस लावणाऱ्या गृहस्थाची आद्याक्षरे आणि आडनाव जोडून केलेले आहे. माउंट कुरिंगगाई या स्थानकनावातला कुरिंगगाई हा शब्द जमातीचे नाव म्हणून जॉन फ्रेझर याने १८९२ मध्ये चालवला. तशी जमात त्या नावाने कधी ओळखली जात नव्हती, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धात या रीतीला अनपेक्षित जोर आला. दक्षिण ऑस्ट्रेलियात जर्मन स्थलांतरितांनी वसवलेली गावे पुष्कळ होती. १९१७ च्या कायद्याने जर्मन वाटणारी ६९ नावे पुसायचे ठरले आणि १९१८ च्या आरंभी बदल जाहीर झाले. काहींच्या जागी सेनापती आणि रणांगणे आली. काहींच्या जागी ॲबोरिजिनल शब्द. ग्नाडेनफ्रायचे मारानंगा झाले. रेल्वेचे मोठे ठाणे असलेल्या हर्गट स्प्रिंग्जचे मारी झाले. ज्याच्या नावाचे ते झरे होते तो १८५९ च्या एका शोधमोहिमेतला जर्मन चित्रकार होता. क्वीन्सलंडमध्ये एंगल्सबर्गचे कालबार झाले. शत्रूची भाषा काढायची तर तटस्थ भाषा हवी, आणि ज्यांना मतदानापासून प्रवासापर्यंत फारसे हक्कच ठेवले नव्हते त्यांची भाषा तेवढी सोयीची ठरली. १९३५ मध्ये हान्डॉर्फ, लोबेथाल आणि क्लेमझिग ही तीन जर्मन नावे परत आली. मारी मात्र मारीच राहिले.

हे शब्द ज्या कानांनी ऐकले आणि ज्या लिपीत उतरवले त्यांचाही हिशेब मांडावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भाषांत प आणि ब, क आणि ग यांच्यात अर्थभेद होत नाही. म्हणून बुरामट्टाचे पॅरामॅटा होणे ही चूक म्हणता येत नाही, ऐकणाऱ्याला जे भासले ते त्याने लिहिले. शब्दारंभी ङ येणे तेथे सर्रास, इंग्रजीला ते जमत नाही. क्वीन्सलंडमधील पेट्रीज क्रीकचे नांबूर झाले तेव्हा मूळ शब्दाचा ङ गळून त्या जागी ‘न’ आला. युमुंडीच्या नावातला तर पार नाहीसा झाला. मध्य आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील कित्येक भाषांत ट, ण, ळ यांच्यासारखी मूर्धन्य व्यंजनेही आहेत. इंग्रज कारकुनाला न आणि ण सारखेच. देवनागरी येणारा कारकून असता तर निम्मी भांडणे झालीच नसती, असे मराठी वाचकाला वाटल्यास नवल नाही.

अर्थांची कथा आणखी निसरडी. व्हिक्टोरियाचे माजी पोलीसप्रमुख टॉमस ओकॅलहन यांनी १९१८ मध्ये राज्यातल्या स्थानकनावांचे अर्थ गोळा करून प्रसिद्ध केले. अशा संग्रहांतले अर्थ पुढे पर्यटकांच्या पत्रकांत जसेच्या तसे फिरत राहिले. मॅली भागातील ओयेन या जंक्शनचा अर्थ कोणी गुलाबी कानांचे बदक सांगतो, कोणी भुताचा पाणवठा. न्यू साउथ वेल्समधील वॅगा वॅगा या शहरनावाचा अर्थ पुष्कळ कावळे, हे शाळकरी पोरालाही पाठ होते. २०१९ मध्ये तेथील नगर परिषदेने तो अर्थ सोडून नृत्य आणि उत्सव हा तेथील मूळचे विराजुरी लोक सांगतात तो अर्थ मान्य केला.

नाव आणि जागा यांचे नाते कसे तुटते हे ऊल्डियात दिसते. नलारबोर मैदानाच्या पूर्व काठावर वाळूच्या टेकड्यांत एक झरा होता. आजूबाजूला शेकडो किलोमीटर कोरडे, पण येथे बारमाही पाणी, म्हणून दूरदूरच्या लोकांच्या वाटा येथे मिळत. देवाणघेवाण आणि धार्मिक विधी येथे होत. खंड ओलांडणारी ट्रान्स ऑस्ट्रेलियन रेल्वे दोन्ही टोकांकडून बांधत आणली ती १७ ऑक्टोबर १९१७ रोजी ऊल्डियाजवळच जुळली. पुढच्या मैदानात स्थानकांना डीकिन, फिशर, कुक, ह्यूज अशी पंतप्रधानांची नावे ठेवली. येथे मात्र झऱ्याचे जुने नाव राहिले. रेल्वेने पाण्यासाठी एकामागून एक विहिरी खोदल्या. पाणी ज्या चिकणमातीच्या थरावर तरले होते तो थर भोकांनी फुटला, खारे पाणी वर आले, आणि १९२६ मध्ये रेल्वेने तेथून पाणी घेणे बंद केले. इंजिनांची सोय दुसरीकडून झाली. लोक तरीही गाडीच्या आसपास राहिले. त्यांच्यात डेझी बेट्स ही बाई १९१९ पासून सोळा वर्षे तंबूत राहत होती. नंतर मिशन आले, तेही १९५२ मध्ये बंद पडले आणि माणसे दक्षिणेला यालाटाकडे हलवली गेली. झरा गेला, माणसे हलली, नाव रूळांशेजारी राहिले.

अलीकडे निवडीची तऱ्हा बदलली आहे. सिडनी मेट्रोच्या शहरातील भुयारी मार्गावर एका स्थानकाचे नाव आधी ‘पिट स्ट्रीट’ असे ठरले होते. २०२२ मध्ये ते बदलून ‘गॅडिगल’ करण्यात आले आणि १९ ऑगस्ट २०२४ रोजी स्थानक प्रवाशांना खुले झाले. गॅडिगल हे ज्या जमिनीवर सिडनीचे मध्य शहर उभे आहे तेथल्या कुळाचे नाव. शेवटचे ‘गल’ म्हणजे लोक. त्याच दिवशी उघडलेले बारंगारू हे दुसरे स्थानक अठराव्या शतकातील कॅमेरेगल कुळातील एका स्त्रीच्या नावाचे आहे. येथे यादीतला गोड शब्द नाही, नेमकी माणसे आहेत. जुन्या कागदांत कुळाचे नाव ‘कॅडिगल’ असेही लिहिलेले सापडते. फलाटावरच्या पाटीवर ग आहे.