कमरेला कळतं ते पडद्यावर दिसत नाही

स्टॉक कार शर्यतीत नाव काढणारी बहुतेक मुलं पाच-सहा वर्षांची असतानाच गो-कार्टमध्ये बसतात. विल्यम बायरन मात्र आधी कॉम्प्युटरसमोर बसला. त्याचा जन्म २९ नोव्हेंबर १९९७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा. नास्कारचे, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या शर्यतींतले, बहुतेक संघ याच शहराच्या आसपास आहेत. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, गाडी कशी पळवायची हे तो आयरेसिंग या सिम्युलेटरवर शिकला आणि तिथे त्याने शंभराहून जास्त शर्यती जिंकल्या. खऱ्या गाडीत तो बसला २०१२ मध्ये, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने बराच उशिरा. ती होती लेजंड्स गाडी: मोटरसायकलचं इंजिन, ड्रायव्हर धरून वजन जेमतेम ६०० किलो. २०१३ मध्ये त्याने अशा ३३ शर्यती जिंकल्या.

मग पडद्याने त्याला नेमकं काय दिलं, आणि काय देता आलं नाही?

ओव्हलवर गाडी सतत डावीकडे वळते आणि दोन प्रकारे बिघडते. पुढच्या टायरांची पकड आधी सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही नाक वळत नाही, गाडी बाहेरच्या भिंतीकडे सरकते. ही ‘टाइट’ गाडी. मागच्या टायरांची पकड आधी सुटली तर शेपूट बाहेर फेकली जाते. ही ‘लूज’. टाइट गाडी हाताला कळते, कारण पुढचे टायर घसरू लागले की स्टिअरिंग हलकं पडतं. घरच्या सिम्युलेटरचं चाकही मोटरच्या जोरावर हा फरक चांगला दाखवतं. लूज गाडी मात्र आधी कळते ती कमरेला आणि आतल्या कानाला. शरीर वळू लागल्याचं कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका टिपतात, सीटचा दाब एका बाजूला सरकतो, आणि हात उलट दिशेला फिरू लागतात. स्थिर खुर्चीत यातलं काहीच घडत नाही. नाक रेषेबाहेर गेलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून सिम्युलेटरवरून आलेल्या ड्रायव्हरची खरी परीक्षा लूज गाडीत होते.

शरीरावर येणारा ताण तर पडद्यावर दाखवताच येत नाही. फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकच्या वळणांचा उतार ३१ अंशांचा, त्रिज्या सुमारे ३०५ मीटर. टायरांना जराही पकड नसती, तरी ताशी १५० किलोमीटरच्या आसपास गाडी नुसत्या उतारावर वळली असती. प्रत्यक्षात ती ताशी ३०० च्या घरात असते. त्या वेगाला गणित मांडलं तर ड्रायव्हर स्वतःच्या वजनाच्या दुपटीने सीटमध्ये दाबला जातो आणि दीडपटीने उजवीकडे ढकलला जातो. हे प्रत्येक वळणावर, तासन्‌तास, आणि केबिनचं तापमान ५० अंशांपुढे गेलेलं. मोठ्या संघांचे हलते सिम्युलेटर प्लॅटफॉर्म तिरका करून गुरुत्वाकर्षणाचाच थोडा भाग बाजूच्या जोरासारखा भासवतात, पण दीडपट जोर सतत टिकवणं त्यांनाही जमत नाही.

पडदा उत्तम शिकवतो ते वेगळं. ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले असतात, त्यामुळे कुठल्या वळणात कुठे उंचवटा आहे हे आधीच पाठ होतं. टायर घसरवला की तापतो आणि तापला की पकड जाते, हा धडा शेकडो फेऱ्यांत, एकही टायर विकत न घेता मिळतो. सेटिंगमधला एकेक बदल करून त्याचा परिणामही पाहता येतो. उदाहरणार्थ ‘वेज’: पुढचं उजवं आणि मागचं डावं, या दोन चाकांवर मिळून गाडीचं किती वजन आहे त्याचं प्रमाण. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीदरम्यान गाडी दुरुस्तीला थांबते तिथे, मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा बोल्ट फिरवला की हे प्रमाण बदलतं. वाढवलं तर डाव्या वळणात गाडी टाइट होते, कमी केलं तर लूज. मागच्या उजव्या टायरमध्ये हवा वाढवली तरी गाडी लूजच होते, कारण टायर कडक होऊन पकड घटते. हवा फार कमी ठेवली तर टायरची भिंत दुमडत राहते, तापते आणि फाटते. ड्रायव्हरने रेडिओवर नुसतं ‘गाडी बरोबर नाही’ म्हटलं तर क्रू चीफला, म्हणजे गाडीची सेटिंग ठरवणाऱ्या संघप्रमुखाला, काहीच करता येत नाही. वळणात शिरताना, मध्यात की बाहेर पडताना, आणि टाइट की लूज, हे सांगावं लागतं.

२०१६ मध्ये नास्कारच्या ट्रक मालिकेत (तीन राष्ट्रीय मालिकांतली तिसरी पायरी) बायरन आणि क्रू चीफ रूडी फ्यूगल यांची जोडी अशीच जमली. पहिल्याच मोसमात त्यांनी सात शर्यती जिंकल्या, तरी अजिंक्यपद मिळालं नाही. फीनिक्सला शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरच्या बायरनचं इंजिन गेलं आणि अजिंक्यपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत त्याला जागा मिळाली नाही. सातवा विजय त्यानंतरच्या आठवड्यात, होमस्टेडला आला. इतक्या चांगल्या मोसमाचं असं व्हावं हे आजही खटकतं. पुढच्याच वर्षी, वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस असताना, तो दुसऱ्या पायरीच्या, तेव्हाच्या एक्सफिनिटी मालिकेचा विजेता झाला. २०१८ पासून तो हेंड्रिक संघाची २४ क्रमांकाची गाडी चालवतो, आणि २०२१ पासून फ्यूगल पुन्हा त्याच्यासोबत आहे.

सर्वात वरच्या कप मालिकेतला पहिला विजय मात्र सोपा नव्हता. तो ऑगस्ट २०२० मध्ये, ९८ व्या शर्यतीत, डेटोनाला मिळाला. त्याच वर्षी कोविडमुळे शर्यती बंद असताना नास्कारने आयरेसिंगवर भरवलेल्या मालिकेत ब्रिस्टल, रिचमंड आणि डोव्हर इथे तोच जिंकला होता. डेटोनाला गाड्या एकमेकींच्या मागच्या विरळ हवेत घोळक्याने धावतात. कुठली रांग वेग धरते आहे, मागची गाडी किती झपाट्याने जवळ येते आहे, हे आरशात पाहून आणि स्पॉटरचं (उंचावरून ट्रॅक पाहून रेडिओवर सांगणाऱ्याचं) ऐकून ठरवायचं असतं. इथे डोळ्यांचं काम जास्त, आणि सिम्युलेटरवरची शिदोरी इथेच सर्वाधिक उपयोगी पडत असावी. डेटोना ५०० ही कप मालिकेतली सर्वात मानाची शर्यत त्याने २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकली. २०२५ मध्ये शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तो पहिल्या पाचातही नव्हता. पुढच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, वरची लेन मोकळी झाली, आणि तो तिथे होता.