फांदीतला उजेड

पावसाळा लागला की भीमाशंकरच्या ‘चमकणाऱ्या जंगला’चे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. फांद्या अगदी ट्यूबलाइटसारख्या हिरव्यागार! एवढा उजेड डोळ्यांना दिसेल या आशेने जाऊ नका. कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून तो फोटो काढलेला असतो. काळोखात आपल्याला रंग धड कळत नाहीत. टॉर्च विझवून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की फिकट, दुधट चमक दिसू लागते. हीच चमक बघून ‘भुताटकी’च्या किती गोष्टी रचल्या गेल्या असतील!

चमकते ती ओल्या, मेलेल्या लाकडात पसरलेली बुरशी. सह्याद्रीत बहुधा मायसेना प्रजातीतली. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1667 साली असं चमकणारं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून हवा उपसली. चमक मंदावली. हवा आत सोडताच परतली. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून शंभरेक वर्षं होती!

आता खरी गंमत. हा उजेड बनायला सुरुवात होते बुरशीतल्या कॅफिक आम्लापासून. एक विकर (एन्झाइम) त्याचं हिस्पिडिन नावाचं रसायन बनवतं, दुसरं त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडतं, झालं ल्युसिफरिन, म्हणजे उजेडाचं इंधन. ल्युसिफरेज हे विकर त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवतं. त्यातून तयार होणारा रेणू उत्तेजित अवस्थेत असतो. तो शांत होताना जादा ऊर्जा साधारण 520-530 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशाच्या रूपात टाकतो. उरलेल्या रेणूपासून चौथं विकर पुन्हा कॅफिक आम्ल बनवतं, की चक्र परत सुरू. हे आम्ल वनस्पतींमध्येही असतंच, लाकडाला कणखर करणारं लिग्निन बनवायला लागतं. म्हणून तर बुरशीची जनुकं घालून 2020 मध्ये तंबाखूची रोपं चमकवता आली.

पण बुरशीला हा उजेड हवा कशाला? ब्राझीलमध्ये संशोधकांनी हिरवे एलईडी बसवलेल्या नकली अळंब्या रानात ठेवल्या, तर रात्री त्यांच्यावर जास्त कीटक आले. कीटक बीजाणू पसरवत असतील, हा तर्क. शिवाय तिथली खरी चमकणारी अळंबी आतल्या घड्याळानुसार दिवसा उजेड आवरता घेते, म्हणजे तिला उधळपट्टी परवडत नसावी. मात्र फांदीच्या आत दडलेल्या बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याला बीजाणू नसतात, तरी ते चमकतं. काही संशोधकांच्या मते हा चयापचयाचा निव्वळ उपपदार्थ आहे. मला ते पटत नाही. फुकटच्या प्रकाशासाठी कोणी घड्याळ लावून ठेवत नाही.