दाताला लागते ती 'कीड' नेमकी कोणती?

"दाताला कीड लागली" असं आपण म्हणतो, पण तिथे वळवळणारा किडा कधीच नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातल्या 'अळ्या' पाडून दाखवणारे लोक दाखवतात ते पांढरे, वाकडे तुकडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले अंकुर. दातातला खड्डा आहे तसाच राहतो आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. लहान मुलांना असल्या धुरीला बसवणं तर ताबडतोब थांबलं पाहिजे.

खरा कारभार डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचा आहे. सकाळी उठल्याबरोबर खालच्या पुढच्या दातांवरून, अगदी हिरडीलगत, नख फिरवून बघा. नखावर पांढरट, मऊ, चिकट लगदा येतो. हाच प्लाक. त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये दहा कोटींच्या आसपास जीवाणू असतात. 1683 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या भिंगं बनवणाऱ्या संशोधकाने स्वतःच्या दातांवरचा असाच लगदा भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात हलणारे जीव दिसले होते. पुढे 1924 मध्ये लंडनमध्ये क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जीवाणू वेगळा केला. तो एकटाच गुन्हेगार नाही, पण त्याची करामत समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. म्युटन्स आपलं एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) पेशीच्या बाहेर सोडतो. ते ही जोडी फोडतं आणि फुटताना मिळालेल्या ऊर्जेवरच ग्लुकोजला ग्लुकोज जोडत लांबलचक साखळ्या विणतं. या साखळ्यांना ग्लुकॅन म्हणतात. त्यातले बरेचसे पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून चूळ भरून जात नाहीत. हाच जीवाणूंचा डिंक: त्याने ते दाताला आणि एकमेकांना चिकटून राहतात, आणि आतल्या थरांपर्यंत लाळ लवकर पोचत नाही. उरलेलं फ्रुक्टोज खाऊन जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. थोडक्यात, एकाच साखरेतून घरही बांधलं जातं आणि चूलही पेटते. गूळ दातांना चालतो हा समज म्हणूनच चुकीचा आहे. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं.

गोड खाल्ल्यावर पाचेक मिनिटांत प्लाकचा सामू (पीएच, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) सातच्या जवळून पाचपर्यंत घसरतो. नंतर लाळेतलं बायकार्बोनेट आम्लाला मारतं आणि 30 ते 60 मिनिटांत सामू पूर्ववत होतो. अमेरिकी संशोधक स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हा आलेख मोजून दाखवला. दाताच्या वरच्या कवचात, एनॅमलमध्ये, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की ते विरघळू लागतं, कारण आम्लातले हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) स्फटिकाबाहेरच्या द्रवातल्या फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल आयनांना पकडून ठेवतात, आणि तूट भरून काढायला स्फटिकातून नवे आयन सुटत राहतात. सामू वर चढला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत जागेवर बसतं. ही ये-जा रोज चालू असते. झीज भरपाईपेक्षा जास्त झाली की कीड सुरू.

पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढरा डाग. दात ओला असताना तो दिसत नाही, डॉक्टरांनी हवेचा झोत मारून वाळवला की उमटतो. एनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.62, पाण्याचा 1.33, हवेचा 1. झिजलेल्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याऐवजी हवा शिरली की प्रकाश जास्त विखुरतो. या टप्प्यावर वरचा पातळ थर शाबूत असतो, त्यामुळे डाग भरून येऊ शकतो. टोकदार सळईने टोचलं तर मात्र तो थर मोडतो.

म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत 1940 च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफ्या खाऊ घालून हे सिद्ध केलं गेलं. या ज्ञानाची ती किंमत विसरता कामा नये. जेवणाबरोबरच्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, दोन जेवणांच्या मधल्या टॉफ्यांनी मात्र धडाधड किडले. दिवसातून सहा वेळा गोड चहा किंवा बिस्किटं म्हणजे प्रत्येकी 40 मिनिटं धरली तरी चार तास आम्लात. जेवणानंतरची जिलेबी त्यापेक्षा परवडली.

झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नये, आणि बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. पेस्टवर फ्लोराइड 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास लिहिलंय ना, हे बघून घ्यावी. फ्लोराइड सामावलेले स्फटिक सामू साधारण 4.5 पर्यंत उतरेपर्यंत तग धरतात. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, खळखळून चुळा भरल्या की फ्लोराइड वाहून जातं. मिश्रीने दात घासणं मात्र बंदच करावं, ती तंबाखू आहे.

दाढांच्या खाचा ब्रशच्या तंतूपेक्षाही अरुंद असतात, तिथे कितीही घासलं तरी प्लाक उरतो. त्या खाचा रेझिनने बुजवून घेता येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ त्यासाठी सगळ्यात आधी तपासावी. कुठलाही दात न पडता ती मागे गुपचूप उगवते, आणि दुधाची समजून बहुतेक घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं.