टायर बदलल्यावर जाणवते ती ‘ग्रिप’ नेमकी कशाची?

नवे टायर बसवून पहिल्यांदा घाट चढून आलेला माणूस हमखास म्हणतो, “काय ग्रिप आहे!” त्याच मॉडेलच्या गाडीला तेच टायर लावणारा दुसरा म्हणतो, “स्टिअरिंग जरा सैल वाटतंय, जुनेच बरे होते.” दोघंही खरं सांगत असतात. पण दोघं ज्याला ग्रिप म्हणतात ती बहुतेक वेळा ग्रिप नसतेच. चालकांच्या अनुभवावरून परफॉर्मन्स टायरची, म्हणजे जास्त पकड आणि धारदार वळणासाठी केलेल्या टायरची, तुलना करायची तर हा घोळ आधी सोडवावा लागतो.

चांगला परफॉर्मन्स टायर कोरड्या डांबरावर गाडीच्या वजनाच्या जवळजवळ ०.९ ते १ पट आडवा जोर सोसतो. आपण वळण बऱ्यापैकी जोशात घेतलं आणि मागच्या सीटवरच्यांनी वरचं हँडल धरलं, तरी तो जोर ०.३ ते ०.४ पटीच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे टायरची निम्म्याहून जास्त पकड रोजच्या चालवण्यात वापरलीच जात नाही, आणि जी वापरली नाही ती जाणवणार कुठून? हाताला जाणवतो तो टायरचा ताठपणा. वळणावर चाक जिकडे वळवलंय ती दिशा आणि ते प्रत्यक्ष जिकडे सरकतंय ती दिशा यांत एक-दोन अंशांचा फरक पडतो, कारण रस्त्याला टेकलेलं रबर पीळ खातं. त्या पिळातूनच वळणारा जोर तयार होतो. ताठ टायर तेवढाच जोर कमी अंशांत देतो. स्टिअरिंग हलवलं की गाडी लगेच नाक वळवते आणि माणूस खूश होतो. मऊ टायर तोच जोर जरा उशिरा देतो. शेवटच्या क्षणी, खऱ्या मर्यादेवर, दोघांतला कोण जास्त धरून ठेवेल हे यावरून मुळीच कळत नाही.

एक खोडरबर टेबलावर उभं टेकवा आणि वरून बाजूला ढकला, ते सहज वाकतं. तेच अर्धं कापून ढकला, ते जवळजवळ हलत नाही. टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यांचंही असंच आहे. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. तोच टायर ३ मिलिमीटरवर आला की ठोकळे आखूड होतात, कमी वाकतात आणि कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग अधिक धारदार लागतं. म्हणून झिजलेले टायर काढून नवे घातले की काही जणांना गाडी ‘तरंगल्यासारखी’ वाटते. त्यात भर म्हणजे साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर नव्या रबरावर उरलेला असतो. पहिले ३०० किलोमीटर तो घासून जाईपर्यंत कुठल्याही टायरबद्दल मत बनवू नये. जोरात ब्रेक आणि वळणंही तोवर जपूनच.

माप बदललं की तुलना आणखी बिघडते. व्हर्टस किंवा स्लाव्हियासारख्या गाडीला २०५/५५ आर१६ माप येतं. त्यात रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. हौसेनं १७ इंची रिम आणि २२५/४५ टायर घातले, तर पूर्ण व्यास ६३२ वरून ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ तोच राहतो आणि स्पीडोमीटर बिघडत नाही. साइडवॉल मात्र १०१ मिलिमीटरवर येते. तो १२ मिलिमीटरचा फरक हाताला लगेच कळतो, आणि खड्ड्यातही कळतो. खड्ड्याच्या कडेवर साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली की आतले धागे तुटतात आणि त्या जागी फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. हवा टिकत असली तरी तो काढूनच टाकायचा.

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, ही समजूतही तपासायला हवी. १४०० किलोच्या गाडीत प्रत्येक चाकावर ३५० किलो येतात. हवेचा दाब ३३ पीएसआय (पंपावर दिसतो तो आकडा) असेल, तर हे वजन तोलायला सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. ती आडवी रुंद आणि लांबीला आखूड होते. वळणात याचा फायदा मिळतो, साचलेल्या पाण्यात तोटा होतो.

आता खऱ्या पकडीकडे येऊ. इथे सगळा खेळ रबराच्या मिश्रणाचा आहे. रस्त्याचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी रबराच्या दृष्टीनं ते डोंगर आणि दऱ्या आहेत. ब्रेक मारल्यावर रबर किंचित घसरतं आणि या उंचवट्यांवरून जाताना सेकंदाला हजारो वेळा दबतं-उठतं. उठताना ते घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही उष्णतेत घालवतं. पकडीचा मोठा भाग या ‘घाट्या’तूनच येतो. शिवाय चाक नुसतं फिरतानाही रबर दबतं-उठतं, पण फार संथपणे. ताशी १०० किलोमीटरला हे सेकंदाला जेमतेम १४ वेळा होतं. तिथे वाया जाणारी ऊर्जा थेट इंधनातून जाते. तेव्हा रबर हवं कसं? जलद कंपनांत ऊर्जा गिळणारं आणि संथ कंपनांत परत देणारं. रबर बळकट करायला त्यात काजळी (कार्बन ब्लॅक) मिसळतात; नुसत्या काजळीच्या मिश्रणात हे दोन्ही साधणं कठीण जायचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिननं काजळीऐवजी सिलिका वापरून ही कोंडी फोडली. आज ओल्या रस्त्यावर नीट थांबणाऱ्या आणि तरीही पेट्रोल न पिणाऱ्या टायरमागे सिलिका असते.

एकाच कंपनीचे दोन टायर शेजारी ठेवले की मिश्रणाचा फरक चांगला कळतो. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस घ्या. त्याच्या बाहेरच्या बाजूचं रबर कोरड्या पकडीसाठी वेगळं आणि आतल्या बाजूचं पाण्यासाठी वेगळं. त्याच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर ३०० छापलेलं असतं. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल त्याचा आकडा. ट्रॅकसाठी काढलेल्या पायलट स्पोर्ट कप २ वर हा आकडा १८० च्या आसपास, म्हणजे रबर बरंच चिकट आणि लवकर झिजणारं. कप २ ट्रॅकवर तापला की चालक त्याच्यावर जीव टाकतात. हाच टायर जुलैत साचलेल्या पाण्यात नेला तर त्याच्या कमी नक्षीमुळे तो पाण्यावर आधी उचलला जातो. हा टायरचा दोष नव्हे, तो त्या कामासाठी केलेलाच नाही. ट्रेडवेअरचा आकडा मात्र वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये ताडून पाहू नका. चाचणीची पद्धत अमेरिकी सरकारनं ठरवलेली असली, तरी आकडा कंपनी स्वतः काढून छापते आणि काही जण तो हात राखून छापतात.

पाण्यात थांबण्याचा फरक चालकाला रोज जाणवत नाही, पण जीव वाचतो तो तिथेच. ताशी ८० वरून ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला. एका टायरनं वजनाच्या ०.८ पट जोर दिला, तर गाडी सुमारे ३१ मीटरमध्ये थांबते. दुसऱ्यानं ०.६५ पट दिला, तर ३९ मीटर लागतात. सात-आठ मीटर ऐकायला कमी वाटतात. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ३४-३५ च्या वेगानं पुढे जात असते. समोर ट्रकचा मागचा भाग असेल तर काय होईल ते सांगायला नको.

याहून वाईट म्हणजे पाण्यावर तरंगणं. २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी १०० नं जातो, तेव्हा त्याला दर सेकंदाला जवळजवळ १९ लिटर पाणी, म्हणजे एक बादली, समोरून बाजूला सारावं लागतं. खाचांमधून तेवढं निघालं नाही की पाण्याची पाचर टायरखाली घुसते आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. ते हलकं झालेलं स्टिअरिंग हीच खूण. त्या क्षणी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, फक्त ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा. हे कोणत्या वेगाला होतं, त्याचा अंदाज अमेरिकेच्या नासानं विमानाच्या चाकांवर केलेल्या अभ्यासातून मिळतो. खाचा झिजलेल्या असतील किंवा पाणी त्यांच्यापेक्षा खोल असेल, तर पीएसआयमधल्या हवेचं वर्गमूळ काढून साधारण १६.७ नं गुणायचं. ३३ पीएसआयला उत्तर येतं ताशी ९६ किलोमीटर, २७ ला ८७. हवा कमी, धोका लवकर.

आणि हवा कमी कशी होते? उन्हाळ्यात ‘गरम होऊन फुटेल’ म्हणून लोक मुद्दाम कमी करतात. समृद्धी महामार्गावर मे महिन्यात निघणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यावं. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरली. सिमेंटच्या रस्त्यावर ताशी १२० नं तास-दीड तास चालल्यावर आतली हवा ६५ अंशांना गेली, तर दाब ३९ च्या पुढे दिसतो. हे अपेक्षितच आहे आणि कंपनीनं सांगितलेला थंड टायरचा आकडा ही वाढ धरूनच ठरवलेला असतो. तिथे पंपावर उतरून हवा सोडून ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये सुमारे २७ उरते. मग साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता वाढते, रबर आणि धागे एकमेकांपासून सुटू लागतात. टायर फुटतो तो या उष्णतेनं. नायट्रोजन भरल्यानंही दाबाची वाढ साधारण तेवढीच होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्वतःचा गेज घ्या, सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. कुठल्याही दोन टायरांची तुलना या आकड्याशिवाय करू नये, कारण ३ पीएसआयच्या फरकानं तोच टायर वेगळा वाटू लागतो.

आवाजाबद्दल चालकांचं मत बहुधा बरोबर निघतं, कारण कान रोज तेच ऐकतो. फक्त रस्ता एकच हवा. आडव्या रेघा मारलेल्या सिमेंटवर डांबरापेक्षा आवाज जास्त येतोच. सांध्यांवरून जाताना ‘टंग’ असा बारीक नाद येतो, तो टायरच्या आत फिरणाऱ्या हवेचा. १७ इंची टायरमध्ये तो २०० हर्ट्झच्या आसपास असतो. काही महागड्या टायरांत आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते, ती यासाठीच.

दुकानात एक गोष्ट समोर उभं राहून पाहा. परफॉर्मन्स टायर बहुतेक असममित नक्षीचे असतात. बाहेरच्या खांद्याला भरीव ठोकळे वळणासाठी, आतल्या बाजूला खाचा पाण्यासाठी. साइडवॉलवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ते बाहेरून वाचता आलं पाहिजे. एखादा टायर उलटा बसला, तर गाडी चालते, पण ज्या टायरसाठी पैसे मोजले तो मिळत नाही. तारीखही तिथेच असते. चार आकड्यांत ‘१८२५’ दिसलं तर २०२५ चा अठरावा आठवडा. नट टॉर्क रेंचनं गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळून घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहा.

आयुष्याची तुलना हिशेबानं करावी. खोली मोजायचा छोटा गेज स्वस्त मिळतो. दर ५,००० किलोमीटरला आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजून लिहून ठेवा. मधला भाग जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलं. अशा टायरवरून कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कायद्यानं १.६ मिलिमीटर चालतं, पण कोकणात उतरणाऱ्यानं ३ ला टायर बदलावा. म्हणजे ८ पैकी ५ मिलिमीटर कामाचे. १०,००० किलोमीटरला १.२५ मिलिमीटर गेलं तर ४०,००० किलोमीटर मिळतील. टायरची किंमत त्याला भागली की महाग कोणता ते कळतं. नव्या टायरवर ॲव्हरेज पडलं म्हणून घाबरू नका. खोल नक्षीचं रबर जास्त वाकतं म्हणून इंधन थोडं जास्त लागतं, शिवाय मोठ्या घेरामुळे ओडोमीटर जरा कमी किलोमीटर दाखवतो.

आणि दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवा, गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढची चाकं पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाते आणि वेग उतरला की पुन्हा ताब्यात येते. मागची तरंगली तर शेपूट फिरते, आणि ती फिरू लागल्यावर सावरायला सराईत चालकालाही वेळ पुरत नाही.