शुगर वाढलेली असताना व्हायरस आला की काय होतं

कोविडच्या काळात रोजच्या बातम्यांमध्ये एक ओळ ठरलेलीच असायची, मृत रुग्णाला आधीपासून मधुमेह आणि ब्लड प्रेशर होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं तो आधीच आजारी होता, आपल्याला काय होतंय. पण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे आणि बीपीवाले 30 कोटींच्या वर, म्हणजे ती ओळ जवळपास प्रत्येक घरातल्या कुणाबद्दल तरी होती.

चीनने फेब्रुवारी 2020 मध्ये 44,672 पेशंटचे आकडे दिले. एकूण मृत्यू 2.3 टक्के. दुसरा कुठलाच आजार नसलेल्यांमध्ये 0.9 टक्के, डायबेटीसवाल्यांमध्ये 7.3 आणि हृदयविकार असलेल्यांमध्ये 10.5. आता यात वयाचाही हात आहे, कारण हे आजार वय झाल्यावरच जास्त असतात. पण नंतर इंग्लंडमध्ये 1.7 कोटी लोकांच्या नोंदी तपासल्या, वय वगैरे बाजूला काढून हिशोब केला, तरी फरक राहिलाच. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की ज्या डायबेटीसवाल्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 7.5 च्या खाली होतं त्यांचा मृत्यूचा धोका डायबेटीस नसलेल्यांपेक्षा साधारण 1.3 पट आणि ज्यांचं त्याच्या वर होतं त्यांचा जवळपास दुप्पट. आजार तोच, फक्त शुगर कंट्रोलमध्ये आहे की नाही एवढाच फरक.

हे का होतं? व्हायरस पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडते, त्यातून शेजारच्या पेशी सावध होतात. शुगर सतत जास्त असेल तर ही सुरुवातीची लढाई कमजोर पडते, पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत आणि व्हायरसला वाढायला वेळ मिळतो. दुसरीकडे अशा शरीरात बारीकशी सूज वर्षानुवर्षं चालूच असते, त्यामुळे उशिरा जाग आलेली प्रतिकारशक्ती मग नको तेवढी भडकते आणि आपल्याच फुप्फुसांचं नुकसान करते.

वर तापामुळे कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही ताणाची हॉर्मोन्स वाढतात, लिव्हर साखर सोडायला लागतं, म्हणून पेशंट दोन घास खात नसला तरी शुगर 300 दिसते. घरात म्हणतात जेवण नाही तर इन्शुलिन कशाला, आणि बंद करतात. हे फार धोक्याचं आहे, विशेषतः टाइप 1 मध्ये, जिथे शरीर स्वतः इन्शुलिन जवळपास बनवतच नाही. उलट डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डायबेटीसच्या गोळ्या उलट्या होत असताना, पाणीही पोटात राहत नसताना सहसा काही दिवस थांबवतात, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं. म्हणून कुठलं औषध चालू ठेवायचं आणि कुठलं थांबवायचं हे तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, प्लीज स्वतः ठरवू नका.

2021 ची दुसरी लाट आठवली की अजून वाईट वाटतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने खरंच जीव वाचवले, ब्रिटनमधल्या 2020 च्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. तरी लोकांनी घरी बसून स्टेरॉइड घेतले, शुगर आभाळाला भिडली, कुणी तपासलीच नाही. म्युकरची बुरशी (तेव्हा बातम्यांमधली 'काळी बुरशी') माती-हवेत सगळीकडे असते, निरोगी शरीर तिला सहज परतवतं, पण साखर आणि ॲसिड वाढलेल्या रक्तात तिला हवं ते लोह मोकळं मिळतं. देशात 40 हजारांहून जास्त केसेस झाल्या, महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सर्वाधिक. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा, आणि नातेवाईक ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते.

डेंग्यूत वेगळाच प्रकार. तिथे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून पाणी पाझरतं, आणि डायबेटीसमध्ये ते अस्तर आधीच खराब झालेलं असतं. सगळे प्लेटलेट मोजत बसतात, पण ताप उतरतो ते 24 ते 48 तास खरे जोखमीचे, तेव्हा पोटात दुखणं, सतत उलट्या, सुस्ती यावर लक्ष हवं. किडनी किंवा हार्टचा पेशंट असेल तर सलाईनही जपून द्यावं लागतं, जास्त झालं की फुप्फुसात पाणी.

आणि साधा फ्लू? कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात फ्लू पक्का झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट दिसलं. सूज वाढते, रक्त गोठायला लागतं, धडधड वाढते, अरुंद झालेल्या नसांना ते झेपत नाही. फ्लूची लस दरवर्षी मिळते, आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो त्यामुळे त्याच्या आधी घेतलेली बरी. मुलांच्या लसी आपण तारीख बघून देतो, पण 60 च्या पुढच्या डायबेटीसवाल्या आईबाबांना ही लस द्यायची असते हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं, पुढच्या चेकअपला गेलात की त्यांच्यासाठी नक्की विचारा.