वायफायला हातवारे कळतात, पण खोली बदलली की?

राउटरच्या लहरी मोबाइलपर्यंत एकाच सरळ वाटेने येत नाहीत, भिंत, कपाट, पंखा, आपलं अंग अशा सगळ्यांवर आपटून येतात आणि अँटेनाला मिळते ती सगळ्यांची बेरीज. आता 5 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी असते फक्त 6 सेंमी. म्हणजे हात 3 सेंमी पुढे नेला तरी जाऊन-येऊन वाट एका अख्ख्या लहरीने कमी होते, आणि बेरीज बदलते.

2013 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात श्याम गोल्लाकोटा यांच्या टीमने यावर 'वायसी' नावाची सिस्टीम केली. हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलला तर फ्रिक्वेन्सीत फरक पडतो साधारण 17 हर्ट्झचा, तोही 5 अब्जांत! तरी 9 हातवारे सरासरी 94 टक्के अचूक ओळखले, मला तर हे आजही भारी वाटतं.

डीप लर्निंग, म्हणजे भरपूर उदाहरणं दाखवून न्यूरल नेटवर्क नावाच्या प्रोग्रामला शिकवायची पद्धत, आलं ते पुढे. सिग्नल वाटेत कसा बदलला याचा हिशोब, म्हणजे चॅनल स्टेट इन्फर्मेशन, रिसीव्हर डेटा वाचण्यासाठी तसाही ठेवतोच, तोच हिशोब वेळेनुसार मांडला की फोटोसारखा तक्ता तयार होतो आणि तो न्यूरल नेटवर्कला शिकवता येतो. 2018 च्या 'साइनफाय'ने मूकबधिरांच्या भाषेतल्या 276 खुणा लॅबमध्ये 98 टक्के ओळखल्या, पण 5 वेगवेगळ्या माणसांच्या 150 खुणा दिल्यावर आकडा 87 च्या आसपास आला.

खरी अडचण इथेच आहे. नेटवर्क हातासोबत खोलीही पाठ करतं, टेबल सरकवलं, माणूस बदलला, तोंड दुसरीकडे केलं की गोंधळ. चीनच्या त्सिंगह्वा विद्यापीठाच्या 'विडार 3.0'ने 2019 मध्ये यावर मस्त उपाय काढला, एकापेक्षा जास्त रिसीव्हर लावून आधी फिजिक्सने काढायचं की माणसाच्या शरीराच्या दृष्टीने हात कुठल्या दिशेला किती वेगाने गेला, आणि मग फक्त तेवढंच नेटवर्कला द्यायचं. वेग खोलीवर अवलंबून नसतो ना! न पाहिलेल्या जागी, नव्या माणसांवर अचूकता 82 ते 92 टक्के राहिली, तीही पुन्हा ट्रेनिंग न देता. नुसता डेटा वाढवत बसण्यापेक्षा हा रस्ता मला जास्त पटतो.

एक काळजी मात्र आहेच, या लहरी भिंतीपलीकडे जातात, त्यामुळे शेजारच्या खोलीतली हालचालही पकडता येते. वायफायने सेन्सिंग करण्याचं 802.11बीएफ हे स्टँडर्ड 2025 मध्ये मंजूरही झालंय, तेव्हा ही सोय चालू-बंद करायचं बटण घरमालकाच्याच हातात हवं, हे आत्ताच ठरवायला पाहिजे.